महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा उदय आणि ऱ्हास : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

भाषावार प्रांतरचनेच्या इतिहासाचा विचार महाराष्ट्रात बहुधा १ मे १९६० या दिवशी येऊन थांबतो. मुंबईसह महाराष्ट्र मिळाला आणि प्रश्न निकालात निघाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. खानदेशातील अभ्यासकाला ही समजूत तितकीशी पटणार नाही. राज्यनिर्मितीच्या वेळीच पश्चिम खानदेशच्या सीमेवरील काही गावे गुजरातकडे गेली आणि ज्याच्याविषयी दीर्घ काळ वाद चालला होता तो डांगही गुजरातमध्येच राहिला. दक्षिणेस बेळगाव-कारवारचा प्रश्न अनिर्णित राहिला. गोवा तर त्या वेळी पोर्तुगीजांच्याच ताब्यात होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि भाषा व प्रांत यांच्या संबंधाचा प्रश्न तेथे नव्याने उभा राहिला. या प्रश्नातूनच १९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजेच मगो पक्ष, जन्मास आला.

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा ही या पक्षाची मूळ मागणी होती. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याच्या मतदारांनी ती फेटाळली. असे असूनही त्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत हाच पक्ष पुन्हा निवडून आला आणि १९७९ पर्यंत सत्तेवर राहिला. ज्या मागणीसाठी पक्ष स्थापन झाला ती नाकारणारा मतदार त्याच पक्षाच्या हाती राज्यकारभार का सोपवतो? आणि मागणी हरल्यावरही टिकलेला पक्ष पुढे कोणत्या कारणांनी खचतो? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. मगो पक्षाचे खरे बळ विलीनीकरणाच्या मागणीपेक्षा जमीन आणि शाळा या दोन गोष्टींत होते, आणि त्याच्या ऱ्हासाची कारणेही तेथूनच शोधावी लागतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गोव्याच्या राजकारणाचे आकलन होण्यासाठी जुन्या आणि नव्या काबिजादींचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे प्रदेश पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच ताब्यात घेतले. धर्मांतर, पोर्तुगीज शिक्षण आणि पाश्चात्त्य कायदा यांचा प्रभाव येथे खोलवर रुजला. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे तालुके मात्र मुख्यतः अठराव्या शतकात पोर्तुगीज अंमलाखाली आले. येथील बहुसंख्य समाज हिंदू राहिला. त्याचे धार्मिक व सांस्कृतिक व्यवहार बऱ्याच अंशी मराठीतून चालत. घरात कोंकणी आणि कीर्तनात, नाटकात, पोथीत मराठी अशी ही द्विभाषिक जीवनपद्धती होती.

दुसरा घटक जमिनीचा. गोव्यातील शेती व बागायतीची मालकी मोठ्या प्रमाणावर भाटकार, देवस्थाने आणि गावकारी संस्था यांच्याकडे होती. प्रत्यक्ष कसणारा कूळ आणि भाटकाराच्या जागेत घर बांधून राहणारा मुंडकार यांना कायद्याचे संरक्षण जवळजवळ नव्हते. मुंडकाराच्या डोक्यावरील छप्परही भाटकाराच्या मर्जीवर अवलंबून असे. मुंबई राज्यात कूळकायदा १९४८ मध्येच झाला होता. सीमेपलीकडील कुळाला जे मिळाले ते आपल्याला का नाही, हा प्रश्न गोव्यातील कुळाच्या मनात येणे स्वाभाविक होते. त्यामुळे त्याच्या दृष्टीने ‘महाराष्ट्र’ या शब्दाला केवळ भाषेचा अर्थ नव्हता. कूळकायदा, सरकारी शाळा आणि बहुजन समाजाच्या हाती आलेली सत्ता या तिन्ही गोष्टी त्या शब्दाशी जोडल्या गेल्या होत्या.

पक्षाचा उदय

मुक्तीनंतर गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश करण्यात आला आणि १९६३ च्या कायद्याने त्याला ३० सदस्यांची विधानसभा मिळाली. त्यांपैकी २८ सदस्य गोव्याचे, तर दमण व दीव यांचा प्रत्येकी एक होता. पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. मगो पक्षाचे नेतृत्व खाणमालक दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर (१९११-१९७३) यांच्याकडे होते. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाचे नेते डॉ. जॅक द सिक्वेरा होते. मगो पक्ष व त्याचे सहकारी मिळून १६ आणि युनायटेड गोवन्स १२ असा निकाल लागला. देशभर सत्तेवर असलेल्या काँग्रेसला गोव्यातील एकही जागा मिळाली नाही. दिल्लीत पंडित नेहरूंचे सरकार असताना लागलेला हा निकाल काँग्रेसच्या दृष्टीने धक्कादायक होता. गोव्याचा समाज ज्या रेषेवर विभागला गेला होता त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना स्थानिक पक्ष उभे होते. काँग्रेसला मध्ये जागाच उरली नव्हती.

बांदोडकरांच्या नेतृत्वाचे वैशिष्ट्य येथे नोंदवणे आवश्यक आहे. ते गोमंतक मराठा समाजातून आले होते. परंपरागत श्रेणीव्यवस्थेत ज्या समाजाला मानाचे स्थान नव्हते त्याचा प्रतिनिधी मुख्यमंत्रिपदी बसला, ही घटना बहुजन समाजासाठी कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा बोलकी होती. शिवाय त्यांची संपत्ती खाणींतून आलेली होती, भाटांतून नव्हे. त्यामुळे भाटकारशाहीला धक्का देणारे कायदे करताना त्यांचे स्वतःचे हितसंबंध फारसे आड आले नाहीत. धनिक नेता आणि भूमिहीन अनुयायी ही वरकरणी विसंगत दिसणारी युती यामुळेच शक्य झाली, असे म्हणता येईल.

सत्तेवर येताच सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढण्याचे धोरण अवलंबले. ज्या खेड्यांतील मुलांना शिक्षणासाठी मैलोन्‌मैल चालावे लागे, तेथे एकशिक्षकी का होईना, पण शाळा उभी राहिली. १९६४ मध्ये कूळ संरक्षणाचा कायदा झाला. या दोन निर्णयांनी पक्षाचा पाया खेड्यापाड्यांत पक्का झाला.

जनमत कौल : मागणीचा पराभव

१९६५ च्या आरंभी गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. हा निर्णय विधानसभेच्या साध्या बहुमताने न होता थेट जनतेकडून व्हावा, अशी विरोधकांची मागणी होती. १९६६ च्या डिसेंबरमध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निष्पक्ष वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे ठरली. सुमारे ३ लाख ८८ हजार मतदारांपैकी ३ लाख १७ हजारांहून अधिक जणांनी मतदान केले. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांनी विलीनीकरणाचा पराभव झाला.

या निकालाचे धार्मिक विभागणीच्या आधारे केले जाणारे स्पष्टीकरण अपुरे आहे. त्या काळी गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक-तृतीयांशाहून थोडी अधिक होती, तर विलीनीकरणाविरुद्ध ५४ टक्के मते पडली. याचा अर्थ हिंदू मतदारांचाही लक्षणीय भाग विलीनीकरणाच्या विरोधात गेला. त्याची कारणे अनेक होती. मोठ्या राज्यात गेल्यास गोवा एक दुर्लक्षित जिल्हा होईल, नोकऱ्या बाहेरच्यांना मिळतील, महाराष्ट्रातील दारूबंदीमुळे माडाच्या व्यवसायावर जगणाऱ्यांची उपजीविका बुडेल, या भीती खऱ्याखुऱ्या होत्या. कोंकणी ही स्वतंत्र भाषा असल्याची जाणीव रवींद्र केळेकरांसारख्या लेखकांनी रुजवली होती. विशेष म्हणजे विलीनीकरणविरोधाचा प्रभावी प्रचार मराठी वृत्तपत्रातूनही झाला. चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखालील ‘राष्ट्रमत’मध्ये उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्या काळी गाजले. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे ‘गोमन्तक’ हे दैनिकही मराठीच होते. म्हणजे दोन्ही बाजू बहुजन वाचकापर्यंत मराठीतूनच पोहोचत होत्या. मराठीवरील प्रेम आणि महाराष्ट्रात जाण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जनमत कौलाने स्पष्ट केले.

पराभवानंतरची सत्ता

मार्च १९६७ च्या विधानसभा निवडणुकीत मगो पक्षाला १६ आणि युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. १९७२ मध्ये मगो पक्षाचे संख्याबळ १८ वर गेले. मतदारांनी दोन प्रश्न वेगळे केले होते. गोव्याने कोठे राहायचे हा एक प्रश्न आणि गोव्यावर राज्य कोणी करायचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देताना बहुजन समाजातील काही मते विरोधात गेली. दुसऱ्याचे उत्तर देताना ती परत आली. भाटकारांच्या वर्चस्वाचे पुनरागमन त्यांना नको होते.

या संदर्भात संयुक्त महाराष्ट्र समितीशी तुलना उद्बोधक ठरते. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या समितीच्या छत्राखाली परस्परविरोधी विचारांचे पक्ष एकत्र आले होते. १९५७ मध्ये धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील लोकसभेवर निवडून गेले ते याच लाटेत. १९६० मध्ये मागणी पूर्ण झाली आणि समितीचे घटक पक्ष लवकरच पांगले. समितीची मागणी जिंकली आणि समिती संपली. मगो पक्षाची मागणी हरली आणि पक्ष टिकला. कारण समितीतील पक्षांना जोडणारा दुवा मुख्यतः ती मागणीच होती, तर मगो पक्षामागे एक विशिष्ट सामाजिक वर्ग उभा होता.

मात्र पक्षाची दुर्बलताही याच काळात दिसू लागली. १९७० मध्ये काही आमदारांनी बांदोडकरांविरुद्ध बंड केले आणि विरोधी पक्षातील काही सदस्यांच्या साहाय्याने त्यांना सरकार वाचवावे लागले. निर्णय एका व्यक्तीभोवती केंद्रित झाले होते. पक्षांतर्गत मतभेदांना वाट देणारी यंत्रणा उभी राहिली नव्हती. १२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकरांचे निधन झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कन्या, मंत्रिमंडळात आधीपासून असलेल्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. हा वारसा घराण्यातून आला असला तरी त्यांच्या कारकिर्दीचे मोल कमी लेखता येणार नाही. मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ मध्ये झाला आणि कसेल त्याची जमीन या तत्त्वावर कूळकायद्यात १९७६ मध्ये दुरुस्ती झाली. पुढे ही दुरुस्ती न्यायालयीन वादात सापडली. तथापि पक्षाने आपल्या सामाजिक पायाला दिलेले सर्वांत मोठे वचन कायद्याच्या पुस्तकात उतरले होते.

ऱ्हासाचे टप्पे

१९७७ मध्ये मगो पक्षाला १५ जागा मिळाल्या. काँग्रेसने १० आणि जनता पक्षाने ३ जागा जिंकल्या. युनायटेड गोवन्सचा आधार आता मोठ्या प्रमाणावर राष्ट्रीय पक्षांकडे वळला होता आणि काँग्रेसला गोव्यात प्रथमच भक्कम जागा मिळाली होती. एप्रिल १९७९ मध्ये स्वपक्षीय आमदारांच्या पक्षांतरामुळे काकोडकर सरकार कोसळले. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत अर्स काँग्रेसला २० आणि मगो पक्षाला केवळ ७ जागा मिळाल्या. निवडणुकीनंतर काकोडकर आणि बहुसंख्य आमदार काँग्रेसमध्ये गेले. मुख्यमंत्री झालेले प्रतापसिंह राणे हे १९७२ मध्ये मगो पक्षाच्याच उमेदवारीवर निवडून आले होते. काँग्रेसने मगो पक्षाला केवळ हरवले नाही. त्याची माणसे आणि पर्यायाने त्याचा सामाजिक पायाही आपलासा केला.

रमाकांत खलप यांच्यासारख्या नेत्यांनी पक्ष जिवंत ठेवला. १९८४ मध्ये त्याला ८ जागा मिळाल्या. मात्र तोपर्यंत राजकारणाचा विषयच बदलला होता. १९८५ ते १९८७ या काळात राजभाषेचे आंदोलन तीव्र झाले. फेब्रुवारी १९८७ मध्ये झालेल्या कायद्याने कोंकणी ही राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद झाली. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला. त्यामुळे विलीनीकरणाची मागणी इतिहासजमा झाली. पक्षाच्या नावातील ‘महाराष्ट्रवादी’ हे विशेषण राहिले, परंतु त्यामागचा कार्यक्रम उरला नाही.

असे असूनही १९८९ मध्ये ४० जागांच्या विधानसभेत पक्षाने १८ जागा जिंकल्या. काँग्रेसच्या २० जागा होत्या. ही मोठी उभारी होती, पण तिचा उपयोग झाला नाही. १९९० मध्ये काँग्रेसमधून फुटलेल्या गटाबरोबर मगो पक्षाने आघाडी सरकार बनवले आणि ते त्याच वर्षी कोसळले. जानेवारी १९९१ मध्ये मगो पक्षाचेच आमदार रवी नाईक हे फुटीर गटासह काँग्रेसकडे जाऊन मुख्यमंत्री झाले. १९९४ मध्ये पक्षाने भारतीय जनता पक्षाशी युती केली. मगो पक्षाला १२ आणि भाजपला ४ जागा मिळाल्या. पाच वर्षांनी हे प्रमाण उलटले. १९९९ मध्ये भाजपला १० आणि मगो पक्षाला ४ जागा मिळाल्या. २००२ मध्ये मगो पक्ष २ जागांवर आला. धाकट्या मित्रपक्षाने थोरल्याचा मतदार पाच वर्षांत आपल्याकडे वळवला. २०१७ मध्ये निवडून आलेल्या ३ आमदारांपैकी २ जण २०१९ मध्ये भाजपमध्ये गेले. २०२२ च्या निवडणुकीतही पक्षाला २ जागाच मिळाल्या.

ऱ्हासाची मीमांसा

एका मागणीतून जन्मलेल्या पक्षांचा असा प्रवास अन्यत्रही दिसतो. विशेषतः आफ्रिकेतील स्वातंत्र्योत्तर पक्षांचा इतिहास येथे उपयुक्त ठरतो. घानामध्ये एन्क्रुमा यांच्या कन्व्हेन्शन पीपल्स पार्टीने १९५७ मध्ये स्वातंत्र्य मिळवून दिले. १९६४ मध्ये तो देशातील एकमेव अधिकृत पक्ष बनला आणि फेब्रुवारी १९६६ च्या लष्करी उठावानंतर त्यावर बंदी आली. झांबियातील युनायटेड नॅशनल इंडिपेंडन्स पार्टी १९६४ ते १९९१ आणि केनिया आफ्रिकन नॅशनल युनियन १९६३ ते २००२ या काळात सत्तेवर होती. या पक्षांची मागणी पूर्ण झाली होती आणि विरोधकांना दाबण्याची साधनेही त्यांच्या हाती होती. तरीही नेता म्हणजेच पक्ष हे समीकरण आणि मूळ उद्दिष्ट साध्य झाल्यावर नव्या कार्यक्रमाचा अभाव यांमुळे ते क्षीण झाले.

मगो पक्षाची परिस्थिती वेगळी होती. केंद्रशासित प्रदेशातील मर्यादित अधिकारांचे सरकार, नियमित निवडणुका आणि दिल्लीतील बलाढ्य पक्ष यांच्या चौकटीत त्याला काम करावे लागले. विरोधकांवर बंदी घालणे त्याच्या हाती नव्हते. परंतु नेतृत्वाचे केंद्रीकरण आणि कार्यक्रमाचे रितेपण या दोन दोषांबाबत साम्य स्पष्ट आहे. कुळाला कायद्याने हक्क मिळाला, मुंडकाराचे घर सुरक्षित झाले, खेड्यातील मूल शाळेत गेले. या शाळांतून शिकलेल्या पुढच्या पिढीच्या अपेक्षा नोकरी, उच्च शिक्षण, पाणी, रस्ते, खाणींचे दुष्परिणाम यांच्याशी निगडित होत्या. भाटकाराची भीती तिने अनुभवली नव्हती. तिच्यासाठी मगो पक्षाकडे सांगण्यासारखे नवे काही उरले नाही. ज्या पक्षाने तिच्या आईवडिलांना उभे केले, त्याच्याविषयी तिला आदर होता. मत मात्र ती अन्यत्र देऊ शकत होती.

निष्कर्ष

१. मगो पक्षाचा उदय विलीनीकरणाच्या मागणीभोवती झाला असला तरी त्याचे बळ कूळ, मुंडकार आणि बहुजन समाजाच्या आकांक्षांत होते. १९६७ मधील जनमत कौल आणि विधानसभा निवडणूक यांच्या परस्परविरोधी निकालांचा अर्थ याच दृष्टीने लागतो.

२. भाषा, संस्कृती आणि प्रांत या तीन निष्ठा एकमेकींशी निगडित असल्या तरी एकरूप नसतात. मराठीवर प्रेम करणाऱ्या अनेक गोमंतकीयांनी महाराष्ट्रात जाण्यास नकार दिला. सीमाप्रश्नाचा विचार करताना ही बाब आपण मोकळ्या मनाने स्वीकारली पाहिजे.

३. पक्षाच्या ऱ्हासाचे मूळ १९६७ च्या पराभवात नाही. आपल्या सामाजिक कार्यक्रमाची बऱ्याच अंशी पूर्तता केल्यानंतर त्याला पुढचा कार्यक्रम आखता आला नाही, हे त्याचे मूळ आहे.

४. व्यक्तिकेंद्रित संघटनेमुळे पक्षांतरांना आळा बसला नाही. १९७९, १९८०, १९९१ आणि २०१९ मधील फुटी या एकाच दुखण्याची पुनरावृत्ती होत.

५. मोठ्या पक्षांशी केलेल्या हातमिळवणीने पक्षाला तात्कालिक लाभ झाला. परंतु त्याचा स्वतंत्र मतदार हळूहळू त्या पक्षांकडे सरकला.

प्रादेशिक पक्षाच्या यशापयशाचे मोजमाप केवळ त्याच्या सत्ताकाळावरून करणे योग्य होणार नाही. मगो पक्ष आज विधानसभेत नाममात्र उरला आहे. पण त्याने काढलेल्या शाळांतून शिकलेली माणसे आणि त्याच्या कायद्यांनी संरक्षण मिळालेली घरे गोव्याच्या खेड्यांत आहेत. खानदेशच्या राजकीय इतिहासाचे लेखन करतानाही जाहीर घोषणांच्या जोडीला जमिनीची कागदपत्रे आणि शाळांचे पट तपासले, तर येथील पक्षांच्या चढ-उताराचे अधिक यथार्थ आकलन होऊ शकेल.